कुबट वासाचा माग

ऑस्लोच्या एगेलान दांपत्याला दोन मुलं होती. मोठी लिव्ह, धाकटा डाग. दोघांच्याही अंगाला एक चमत्कारिक वास येई. उंदरांनी घर केलेल्या बंद खोलीला येतो तसा, कुबट. आंघोळ घालून, कपडे बदलून जाणारा तो वास नव्हता. त्यांची आई बोर्ग्नी एगेलान मुलांना घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवत होती आणि या वासाबद्दल विचारत होती. तिचं खरं दुःख वेगळंच होतं, पण हा वास त्या दुःखाशी कुठेतरी बांधलेला आहे असं तिच्या मनाने घेतलं होतं.

लिव्ह जन्मली तेव्हा चार मुलींसारखीच होती. महिने सरले तसं काहीतरी मागे पडत चाललंय, असं आईला जाणवू लागलं. ज्या वयात मुलं घरभर बडबडतात, त्या वयात हिच्या तोंडून शब्द फुटेना. ती चालली, पण उशिरा आणि आखडलेल्या पायांनी. तिच्या पाठीवर डाग झाला आणि त्याची गत तिच्याहून वाईट झाली. १९३४ साली लिव्ह सहा-सात वर्षांची होती आणि मोजके शब्द बोलत होती. चार वर्षांचा डाग चालत नव्हता, बोलत नव्हता, हाताने खात नव्हता. त्याची नजरही कशावर ठरत नसे.

एकाच आईबापांची दोन मुलं, जन्मताना दोघंही धडधाकट, आणि दोघांचीही वाट एकाच दिशेने उताराला लागलेली. यामागे काही एक कारण असणार, हे आईला उघड दिसत होतं. डॉक्टरांना त्यात शोधण्यासारखं काही दिसलं नाही. त्या काळात ‘मतिमंद’ असं एकदा कागदावर लिहिलं गेलं की तपास तिथेच संपे. मेंदू जन्मतःच अधू आहे, घराण्यातला दोष आहे, असं काही सांगून आईबापांची बोळवण होई आणि पुढे मुलाची रवानगी एखाद्या संस्थेत. वासाच्या प्रश्नाला तर कोणाकडे उत्तरच नव्हतं.

बोर्ग्नीने विचारणं सोडलं नाही. पुढे जे काही घडलं, लाखो बाळांच्या टाचेतून आज रक्ताचा जो थेंब घेतला जातो, त्या सगळ्याचा उगम मला या बाईच्या न थकण्यात दिसतो. विचारता विचारता ती आस्ब्यॉर्न फोलिंग नावाच्या डॉक्टरांपर्यंत पोचली.

फोलिंग शेतकरी घरातले. नॉर्वेच्या ट्रॉन्डेलाग भागात १८८८ साली जन्मलेले. ते आधी ट्रॉनहेमला रसायनशास्त्र शिकले आणि मग वैद्यकाकडे वळले. ऑस्लोत ते चयापचयाच्या आजारांवर काम करत. आधी रसायनतज्ज्ञ आणि मग डॉक्टर, हा क्रम या गोष्टीत फार मोलाचा ठरला. त्यांनी मुलांना तपासलं. मुलं मागे पडलेली आहेत यापलीकडे हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी आईला मुलांची लघवी आणून द्यायला सांगितली.

लघवीच्या नेहमीच्या चाचण्या झाल्या. त्यांतलीच एक फेरिक क्लोराइडची. मधुमेह बळावून शरीरात कीटोन साठले आहेत का, हे पाहायला डॉक्टर ती करत. कीटोन असतील तर थेंब पडताच लघवी जांभळट तांबडी होते, नसतील तर त्या द्रावणाचा पिवळट तपकिरी रंग तेवढा राहतो. लिव्हच्या लघवीत थेंब पडले आणि नळीत गडद हिरवा रंग चढला. काही मिनिटांत तो विरूनही गेला. डागच्या लघवीत थेंब टाकले. पुन्हा हिरवा.

फोलिंगनी असा रंग कधी पाहिला नव्हता. तो कशामुळे येतो हे सांगणारं पुस्तकही त्यांच्या माहितीत नव्हतं.

नवं काही दिसलं की माणसाला ते जगाला सांगायची घाई होते. फोलिंगना पहिली शंका आली ती मुलांच्या पोटात जाणाऱ्या औषधांची. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधंही फेरिक क्लोराइडला रंग आणतात. त्यांनी आईला आठवडाभर सगळी औषधं बंद ठेवायला सांगितली, मगच पुन्हा लघवी मागवली. रंग हिरवाच आला. म्हणजे जे काही होतं ते बाहेरून आलेलं नव्हतं, मुलांच्या शरीरातच तयार होत होतं.

आता तो पदार्थ वेगळा काढायचा होता आणि त्यासाठी लघवी हवी होती, भरपूर. बोर्ग्नी ती गोळा करून पोचवू लागली. सुमारे दोन महिन्यांत वीस लिटरांच्या वर लघवी तिने प्रयोगशाळेत पोचती केली. ज्या घरात चार वर्षांचं मूल अजून लंगोटात आहे, त्या घरात हे काम काय असेल याचा विचार करावा. शोधनिबंधांत अशा कष्टांना जागा नसते. फोलिंगची सगळी रसायनविद्या उभी राहिली ती मात्र याच कष्टांवर.

पदार्थ हाती लागायला सोपा नव्हता. वेगळा काढू लागलं की तो नासून जाई. हवेतला ऑक्सिजन त्याला मोडतो हे लक्षात आल्यावर फोलिंगनी हवा टाळून, नायट्रोजनखाली ते काम केलं. अखेर स्फटिक मिळाले. त्यांचं विश्लेषण केल्यावर नऊ कार्बन, आठ हायड्रोजन, तीन ऑक्सिजन असं सूत्र निघालं. ऑक्सिडीकरण करून पदार्थ मोडून पाहिला तेव्हा त्यातून बेन्झॉइक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल मिळालं. हे तुकडे ज्याचे असू शकतात असं एक नाव त्यांच्या डोळ्यांपुढे आलं : फेनिलपायरुविक आम्ल. रसायनतज्ज्ञाकडे याची खातरजमा करायचा एक जुना, खात्रीचा मार्ग असतो. शुद्ध फेनिलपायरुविक आम्ल घ्यायचं, त्यात आपले स्फटिक मिसळायचे आणि मिश्रण तापवायचं. पदार्थ वेगवेगळे असतील तर मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला वितळतं. एकच असतील तर वितळणबिंदू हलत नाही. तो हलला नाही. १५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायम राहिला.

दोन भावंडांवरून आजार सिद्ध होत नाही. फोलिंगनी आसपासच्या संस्थांमधल्या ४३० मतिमंद व्यक्तींची लघवी तपासली. आठ नळ्यांत हिरवा रंग आला. लिव्ह आणि डाग धरून दहा रुग्ण झाले, आणि त्यांत सख्खी भावंडं एकाहून जास्त वेळा आढळली. पुष्कळांची कातडी गोरी, नाजूक, इसब उठलेली होती. त्याच वर्षी, १९३४ साली, एका नावाजलेल्या जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध आला. जन्मतः शरीराच्या रसायनात असलेला एक दोष मेंदूला अधू करतो, आणि तो साध्या चाचणीने ओळखता येतो, असं त्यात होतं. पुढे ब्रिटनमध्ये लायोनेल पेनरोझ यांनी हा आजार आनुवंशिक असल्याचं दाखवून दिलं आणि त्याचं फेनिलकीटोन्युरिया हे आजचं नाव रूढ झालं. बोलताना सगळे पीकेयूच म्हणतात.

आजाराची घडण समजून घेण्यासारखी आहे, कारण उपाय तिच्यातच दडला होता. दूध, डाळ, अंडी, मांस, धान्य, सगळ्यांतल्या प्रथिनांत फेनिलअ‍ॅलनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. शरीराला ते लागतं, पण लागतं थोडं. उरलेल्याचं यकृतातलं एक विकर टायरोसिनमध्ये रूपांतर करतं. पीकेयूच्या बाळात हे विकर काम करत नाही. फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साचत जातं, वीस पट, कधी त्याहूनही जास्त. मेंदूच्या दारावर अमिनो आम्लांना आत नेणारी वाहकं मर्यादित असतात. त्या सगळ्या जागा फेनिलअ‍ॅलनिन अडवून बसतं आणि टायरोसिन, ट्रिप्टोफॅन यांना आत शिरायला वाव राहत नाही. यांच्यापासूनच डोपामिन आणि सेरोटोनिन बनतात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरणही नीट धरत नाही. टायरोसिन कमी, म्हणून कातडी आणि केसांचा रंग फिका. आणि साचलेल्या फेनिलअ‍ॅलनिनपासून शरीर फेनिलअ‍ॅसेटिक आम्ल बनवतं, ते घामातून, लघवीतून बाहेर पडतं. तोच तो कुबट वास. बोर्ग्नीने घातलेली सांगड अक्षरशः बरोबर होती.

बाळ जन्मताना चांगलं का दिसतं, याचंही उत्तर यात आहे. पोटात असेपर्यंत जास्तीचं फेनिलअ‍ॅलनिन नाळेतून आईकडे जातं आणि आईचं यकृत त्याचा निकाल लावतं. नाळ कापली की बाळ एकटं पडतं, आणि पहिल्या दुधापासूनच विष साठायला सुरुवात होते. ज्या दुधावर बाळ वाढतं त्याच दुधाने त्याचा मेंदू मरत जातो. वैद्यकातली याहून क्रूर गोष्ट मला माहीत नाही.

लिव्ह आणि डागला या शोधाचा काही उपयोग झाला नाही. डाग सहाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला.

पुढची जवळजवळ सतरा वर्षं आजार माहीत होता आणि इलाज नव्हता. मधे महायुद्ध झालं हे खरं, पण आडवी आली ती एक समजूत. जे जन्मजात आहे, रक्तातून आलेलं आहे, त्याला औषध कसलं, असं जाणते डॉक्टरही मानत. अमेरिकेत जॉर्ज जर्व्हिस यांनी दोष यकृतातल्या कोणत्या पायरीवर आहे हे शोधून काढलं. अन्नातलं फेनिलअ‍ॅलनिन कमी करावं हा विचार काहींच्या मनात येऊन गेला. पण प्रथिनाशिवाय बाळ जगवायचं कसं? आणि प्रथिन म्हटलं की फेनिलअ‍ॅलनिन आलंच.

कोंडी फुटली ती १९५१ साली, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात. पुन्हा एका आईमुळे.

होर्स्ट बिकेल हे जर्मनीहून आलेले तरुण डॉक्टर तिथे काम करत होते. वरिष्ठ जीवरसायनतज्ज्ञ एव्हलिन हिकमन्स आणि बालरोगतज्ज्ञ जॉन जेरार्ड त्यांच्या बरोबर होते. मागे पडलेल्या मुलांची लघवी तपासताना एका सतरा महिन्यांच्या मुलीत पीकेयू सापडला. ती बसत नव्हती, उभी राहत नव्हती, कोणाकडे बघत नव्हती. दिवसभर कण्हायचं, रडायचं, डोकं आपटायचं. आजाराचं नाव सापडल्याचा बिकेलना आनंद झाला. मुलीच्या आईला त्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. यावर इलाज नाही, हे उत्तर तिने मानलंच नाही. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी बिकेलची वाट पाहत उभी राहू लागली. माझ्या मुलीसाठी काय करताय, एवढा एकच प्रश्न. बिकेलनीच पुढे हे लिहून ठेवलं आहे.

तिच्या तगाद्यापायी ही मंडळी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या लुई वुल्फ यांच्याकडे वळली. वुल्फ यांच्यापाशी एक कल्पना होती. दुधातलं केसीन हे प्रथिन आम्लाने तोडून त्याची सुटी अमिनो आम्लं करायची आणि ते पाणी कोळशाच्या भुकटीतून गाळायचं. कोळसा फेनिलअ‍ॅलनिन धरून ठेवतो, त्याबरोबर टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनही. ती दोन मागाहून मोजून परत घालायची. बिकेल आणि हिकमन्स रुग्णालयाच्या थंड खोलीत हे अन्न गाळू लागले. चव आणि वास भयंकर. बाजारात असं काही मिळत नव्हतं, म्हणून एका मुलीचं जेवण प्रयोगशाळेत तयार होऊ लागलं.

पहिल्यांदा रक्तातलं फेनिलअ‍ॅलनिन झपाट्याने उतरलं. मुलीचं वजनही उतरलं. फेनिलअ‍ॅलनिन अजिबातच मिळेना तेव्हा शरीर स्वतःचे स्नायू मोडून ते मिळवू लागलं होतं. चूक लक्षात आल्यावर थोडं दूध सुरू केलं, नेमकं गरजेपुरतं. मग मुलगी सावरली. काही महिन्यांत ती रांगू लागली, धरून उभी राहू लागली. डोळ्यांत ओळख आली, केसांचा रंग गडद झाला, डोकं आपटणं थांबलं.

इथे त्या डॉक्टरांनी जे केलं त्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. मुलगी सुधारली ती आहारामुळे, की वय वाढलं म्हणून, की सगळ्यांचं लक्ष तिच्यावर आहे म्हणून? आईला सुधारणा दिसतेय ती खरी, की तिच्या आशेने दाखवलेली? हे प्रश्न डॉक्टरांना टाळता येईनात. त्यांनी आईला न सांगता मुलीच्या अन्नात फेनिलअ‍ॅलनिन मिसळलं. काही तासांत तिचं रडणं, डोकं आपटणं सुरू झालं. दिवसभरात ती उभी राहीनाशी झाली, तिला धड रांगताही येईना. दहा महिन्यांची कमाई एका दिवसात गेली. आई हवालदिल झाली. तेव्हा तिला खरं काय ते सांगण्यात आलं. मग तिच्या संमतीने, मुलीला रुग्णालयात ठेवून हाच प्रयोग पुन्हा झाला आणि त्याचं चित्रीकरणही झालं. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापून आला.

आज कुठलीही नीतिसमिती पहिल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही आणि ते योग्यच आहे. ज्या बाईने रोज दाराशी उभं राहून हे सगळं घडवून आणलं, तिलाच अंधारात ठेवणं मला क्षम्य वाटत नाही. पण त्या पुराव्यापुढे जगभरच्या डॉक्टरांची शंका गळून पडली हेही खरं. जन्मजात मेंदूचा आजार ताटातल्या बदलाने आवरता येतो, हे पहिल्यांदाच कोणी डोळ्यांनी पाहत होतं.

आणि तरीही ती मुलगी पूर्ण बरी झाली नाही. कुठलंच मोठं मूल होत नव्हतं. आहाराने पुढचं नुकसान थांबे, झालेलं भरून येत नसे. पहिल्या काही महिन्यांतच मेंदूचा फार मोठा घास गेलेला असे. अमेरिकन लेखिका पर्ल बक यांची मुलगी कॅरोल १९२० साली जन्मली, दिसायला देखणी. तिच्यावर ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ हे पुस्तक बकनी १९५० साली लिहिलं तेव्हा मुलीला नेमकं काय झालंय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तिला पीकेयू होता हे पुढे कळलं. तोवर ती संस्थेत वाढून मोठी झाली होती.

म्हणजे वाट पाहून चालणार नव्हतं. काही चुकतंय असं आईला दिसेपर्यंत उशीर झालेला असे. बाळ चांगलं दिसत असतानाच आजार ओळखायला हवा होता. कॅलिफोर्नियात विलर्ड सेंटरवॉल यांनी बाळाच्या ओल्या लंगोटावरच फेरिक क्लोराइड टाकायची युक्ती काढली. सोपी आणि स्वस्त. पण हिरवा रंग यायला बाळ काही आठवड्यांचं व्हावं लागे, आणि तोवर आई त्याला घेऊन रुग्णालयातून घरी गेलेली असे.

उत्तर मिळालं ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात, आणि शोधणारा माणूस या आजाराचा तज्ज्ञ नव्हता. रॉबर्ट गथ्री हे सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर कर्करोगाच्या संशोधनात होते. त्यांचा एक मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता, वेगळ्या कारणाने. त्याच्यामुळे ते पालकांच्या संघटनेत ओढले गेले. १९५८ साली त्यांच्या मेहुणीच्या पंधरा महिन्यांच्या मुलीत पीकेयू सापडला. तिच्यासाठी उशीर झाला होता.

आहारावर असलेल्या मुलांच्या रक्तात फेनिलअ‍ॅलनिन किती आहे हे झटपट कसं मोजावं, असं एका सहकाऱ्याने गथ्रींना विचारलं होतं. कर्करोगाच्या कामात ते जिवाणूंकडून रक्ताची तपासणी करून घेत असत. तेच त्यांनी इथे केलं. काचेच्या तबकडीत अगारच्या थरात ‘बॅसिलस सबटिलिस’ हे निरुपद्रवी जिवाणू घ्यायचे आणि त्यांची वाढ रोखणारं, फेनिलअ‍ॅलनिनशी साधर्म्य असलेलं एक रसायन त्यात मिसळायचं. वर रक्त शोषलेल्या कागदाची टिकली ठेवायची. रक्तात फेनिलअ‍ॅलनिन भरपूर असेल तर ते त्या रसायनाला पुरून उरतं आणि टिकलीभोवती जिवाणूंचं पांढुरकं वर्तुळ वाढतं. वर्तुळ जितकं मोठं तितकं फेनिलअ‍ॅलनिन जास्त. रात्रभर ठेवलं की सकाळी उत्तर तयार.

यातला सगळ्यांत मोठा शोध मला त्या कागदाचा वाटतो. टाचेला सुई टोचून टिपकागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे, वाळवायचे, पाकिटात घालून टपालाने पाठवायचे. ना बर्फ, ना बाटल्या, ना बाळाला शहरात आणायची गरज. दुर्गम खेड्यातल्या सुईणीलाही हे जमण्यासारखं होतं. गथ्री आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅडा सूसी यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. तोवर अमेरिकेतल्या २९ राज्यांत चार लाख बाळांची चाचणी होऊन ३९ बाळांत आजार सापडला होता. ३९ बाळं, आणि अजून एकाचाही मेंदू बिघडलेला नव्हता. मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच वर्षी नवजात बाळांच्या चाचणीचा कायदा केला. पुढे एका कंपनीने चाचणीच्या साहित्याला लावलेली भरमसाट किंमत कळली तेव्हा गथ्री संतापले, कारण तेच साहित्य ते फार थोड्या खर्चात बनवत होते. चाचणी सर्वांच्या हाती राहावी म्हणून ते सरकारदरबारी भांडले. स्वतःसाठी त्यांनी त्यातून पैसा घेतला नाही.

फोलिंगना १९६२ साली केनेडी प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. हिरवा रंग दिसल्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती.

या विजयाला एक काळी कडा आहे. सहा-सात वर्षांनंतर मेंदू पुरेसा तयार होतो, मग हा बेचव आहार बंद केला तरी चालेल, असं त्या काळी मानत. मुलं मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. त्यांतल्या मुली आई झाल्या. त्यांची बाळं लहान डोक्याची, अधू हृदयाची, मंद बुद्धीची निपजू लागली, त्या बाळांना स्वतःला पीकेयू नसतानाही. आईच्या रक्तातलं साचलेलं फेनिलअ‍ॅलनिन नाळेतून बाळापर्यंत पोचत होतं. अशी पहिली नोंद १९५६ सालची आहे, पण तिचं गांभीर्य उमगायला वीसेक वर्षं जावी लागली. १९८४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की गर्भ राहण्याआधीपासून आहार काटेकोर पाळला तर बाळ धडधाकट जन्मतं. आज हा आहार आयुष्यभराचा मानतात. काही रुग्णांना गोळ्यांचा उपयोग होतो, मोठ्यांसाठी इंजेक्शनही आलं आहे, पण बहुतेकांना मोजून मापून जेवण्याला पर्याय नाही. वाटीभर डाळ, पेलाभर दूध, एक अंडं, सगळं मापात किंवा वर्ज्य.

आपल्या देशात पीकेयू पाश्चात्त्य देशांपेक्षा विरळा आहे. त्याचं नाव आपल्याकडे छापलेलं सापडतं ते शीतपेयांच्या डब्यांवर, अगदी बारीक अक्षरांत : अ‍ॅस्पार्टेम असलेला पदार्थ फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी नाही. अ‍ॅस्पार्टेममध्ये फेनिलअ‍ॅलनिन असतं, म्हणून ही सूचना. पण गथ्रींच्या कागदाचं आपल्याशी नातं याहून फार जवळचं आहे. १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाँ द्यूसो यांनी रक्ताच्या त्याच वाळल्या थेंबातून जन्मजात थायरॉइडची कमतरता शोधून दाखवली. हा आजार भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला असतो, म्हणजे मुळीच दुर्मीळ नाही. बाळ दिसायला चांगलं असतं, शांत, झोपाळू, फारसं न रडणारं. घरात कौतुक होतं की किती गुणी बाळ आहे. मधल्या काळात मेंदूची वाढ खुंटत असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू केली तर ते मूल इतरांसारखंच वाढतं. गोळीची किंमत रोजची एक-दोन रुपयांच्या घरात. इतका स्वस्त इलाज असताना केवळ चाचणी न झाल्यामुळे एखाद्या मुलाची बुद्धी जावी, याचं मला अतोनात वाईट वाटतं आणि रागही येतो.

गोव्यात २००८ साली राज्य सरकारने नवजात बाळांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता. केरळनेही ही वाट धरली. देशभर मात्र ही चाचणी अजून प्रत्येक बाळाच्या वाट्याला येत नाही. शहरांतल्या पुष्कळ खासगी रुग्णालयांत ती होते. रक्ताच्या त्याच थेंबातून आता टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्राने डझनावारी चयापचयाचे आजार एकाच वेळी तपासता येतात. थेंब घेण्याची योग्य वेळ बाळ ४८ ते ७२ तासांचं असताना. तोवर त्याच्या पोटात पुरेसं दूध गेलेलं असतं आणि जन्मानंतर लगेच वर गेलेलं, थायरॉइडला चालना देणारं संप्रेरकही खाली आलेलं असतं. कुठल्याही प्रसूतिगृहातून घरी निघण्याआधी आईवडिलांनी, आजीआजोबांनी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात : टाचेच्या रक्ताची चाचणी झाली का, आणि तिचा अहवाल कधी मिळेल. तिथे सोय नसेल तर ती जवळ कुठे आहे, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.